सौजन्य कोणाचे?

शाळेच्या प्रकल्पवह्या ज्यांनी तपासल्या आहेत त्यांना एक ओळ पाठ असते. फुलपाखराचा, ज्वालामुखीचा किंवा एखाद्या जुन्या पुलाचा देखणा फोटो पानावर चिकटवलेला असतो आणि खाली ठळक, नेटक्या अक्षरात लिहिलेले असते : 'सौजन्य : गूगल'. कधी 'सौजन्य : इंटरनेट'. मीही अशा वह्या तपासल्या आहेत आणि कित्येक वर्षे त्या ओळीशी बरोबरची खूण केली आहे. मुलाने श्रेय दिले, एवढ्यावर माझे समाधान होत असे. आज त्या खुणांची मला खंत वाटते. गूगलने तो फोटो काढलेला नाही, इंटरनेटनेही नाही. कोणीतरी तिथे उभे होते, प्रकाश बदलायची वाट पाहत होते, शंभर फोटो टाकून देऊन एक निवडत होते. त्या माणसाचा मागमूसही वहीत नाही आणि तो नाही याची जाणीव मुलाला नाही, मलाही नव्हती.

छायाचित्रकाराचा फोटो शाळेच्या कामासाठी वापरायचा तर त्याची परवानगी घ्यावी का, हा वाद अधूनमधून पेटतो आणि दर वेळी तेच दोन आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, शिक्षणासाठी कसली परवानगी, दहा वर्षांच्या पोराने चिकटवलेल्या फोटोने कोणाचे काय बुडते? दुसरा म्हणतो, चोरी ती चोरीच, तिला वयाची सूट नाही. दोघेही एकाच चुकीवर उभे आहेत. 'शाळेचे काम' ही एकच गोष्ट आहे असे दोघांनीही गृहीत धरले आहे. ती एक नाही. माझे म्हणणे आधीच मांडतो. काम वर्गाच्या आत राहते तोवर परवानगीची गरज नाही, नावाची आहे. ते वर्गाच्या बाहेर, जगासमोर जाते तेव्हा परवानगी हवीच, आणि ती मिळवण्याची जबाबदारी शाळेची आहे, मुलाची नव्हे.

हा प्रश्न युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत गेला आहे. जर्मनीतल्या एका शाळेत स्पॅनिश शिकणाऱ्या विद्यार्थिनीने एक छोटा प्रबंध तयार केला. त्यात तिने स्पेनमधल्या कोर्दोबा शहराचा एक फोटो घातला. तो तिला प्रवासविषयक एका संकेतस्थळावर मिळाला होता. तिथे त्याला ना कुलूप होते ना काही सूचना, कोणीही उतरवून घ्यावा असाच होता. फोटोखाली तिने प्रामाणिकपणे त्या संकेतस्थळाचे नावही लिहिले. इथवर तक्रारीला जागा नव्हती. पुढे शाळेने तो प्रबंध आपल्या वेबसाइटवर चढवला आणि 2009 साली तो जगात कोणालाही दिसू लागला. छायाचित्रकाराचे म्हणणे असे होते, की वापराची परवानगी आपण फक्त त्या प्रवासी संकेतस्थळाला दिली होती. त्याने फोटो काढून टाकण्याची आणि 400 युरो भरपाईची मागणी केली. एका शाळकरी प्रबंधातला एक फोटो, आणि त्यावरचा निकाल युरोपीय न्यायालयाने दिला तो 7 ऑगस्ट 2018 रोजी. निकाल छायाचित्रकाराच्या बाजूने लागला.

त्या निकालावर पुष्कळांनी डोक्याला हात लावला. न्यायालयाला सल्ला देणाऱ्या महाधिवक्त्यांचेही मत उलट होते : फोटो प्रबंधात दुय्यम होता, मूळ ठिकाणी तो सर्वांना खुलाच होता, कोणी नफा कमावलेला नाही, मग हक्काचा भंग कसा? हा युक्तिवाद हलका नाही. पहिल्या वाचनात मलाही तोच पटला होता. पण न्यायालयाने ज्या मुद्द्यावर बोट ठेवले तो वादात नेहमी निसटतो. न्यायालय म्हणाले, विद्यार्थिनीने केलेला वापर शैक्षणिक होता की नव्हता यावर आमचा निर्णय अवलंबून नाही. शाळेने तो फोटो स्वतःच्या संकेतस्थळावर नव्याने चढवला आणि तिथे येणाऱ्या प्रत्येकासाठी खुला केला, यावर तो अवलंबून आहे. मुलीने वहीत केले ते एक कृत्य, मोठ्यांनी वेबसाइटवर केले ते दुसरे. शाळेने नुसता मूळ पानाचा दुवा दिला असता तर गोष्ट वेगळी ठरली असती, कारण दुव्याच्या दुसऱ्या टोकाला मालकाचा हात असतो. त्याने मूळ ठिकाणचा फोटो काढून टाकला की दुवा आपोआप कोरडा पडतो. प्रत मात्र प्रत काढणाऱ्याच्या ताब्यात जाते. पक्ष्याच्या घरट्याचा फोटो टाकल्यावर तिथे गर्दी होऊ लागली म्हणून छायाचित्रकाराने तो मागे घेतला, किंवा फोटोतल्या माणसाने विनंती केली म्हणून काढून टाकला, तरी शाळेच्या पानावरची प्रत तशीच राहते. आपल्या फोटोबद्दल मत बदलण्याची मुभा मालकाला हवी, आणि परवानगी घ्यायची ती मुख्यतः यासाठी. पैशाचा प्रश्न त्यानंतर येतो.

आता 'शिक्षणाला आडकाठी नको' म्हणणाऱ्यांची बाजू. ती मला मनापासून मान्य आहे, आणि तिच्यामागे इतिहासही आहे. स्वामित्वहक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, पहिला आधुनिक कायदा मानला जातो तो 1710 सालचा इंग्लंडमधला, आणि त्याच्या शीर्षकातच तो विद्येला उत्तेजन देण्यासाठी केल्याचे म्हटले आहे. म्हणजे हक्क जन्मला तोच शिकण्याच्या नावाने. 1886 साली झालेला स्वामित्वहक्काचा आंतरराष्ट्रीय बर्न करार आज जगातल्या बहुतेक देशांना बांधतो. त्याच्या आजच्या मसुद्यातले दहावे कलम, अध्यापनात उदाहरण म्हणून कलाकृती वापरण्याची मुभा देशांना देऊ देते. अमेरिकेच्या 1976च्या कायद्यात न्याय्य, म्हणजे परवानगीशिवाय चालणाऱ्या, वापराची उदाहरणे देताना अध्यापनाचा उल्लेख आहे, वर्गासाठी काढलेल्या अनेक प्रतींसकट. भारताच्या 1957च्या कायद्याचे 52वे कलम शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली प्रत हक्कभंग मानत नाही. 2016 साली दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रतींच्या खटल्यात उच्च न्यायालयाने याच कलमाचा उदार अर्थ लावला. मोठमोठे प्रकाशक समोर होते, तरी अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतले उतारे एकत्र करून दिलेल्या संचांच्या बाजूने कौल गेला. तेव्हा प्रकल्पवहीत फोटो चिकटवणाऱ्या मुलाला 'चोर' म्हणणाऱ्यांनी आधी कायदा वाचावा. इतक्या ठिकाणी, इतक्या काळजीपूर्वक ज्या कृत्याला जागा करून दिली आहे, ते चोरी कसे असेल?

पण हाच कायदा वाचताना पहिला गट अर्ध्यावर थांबतो. बर्न कराराच्या त्याच दहाव्या कलमाचे पुढचे पोटकलम सांगते, की असा वापर करताना मूळ स्रोताचा आणि कृतीवर कर्त्याचे नाव असेल तर त्या नावाचा उल्लेख केला पाहिजे. युरोपीय संघाने 2019 साली डिजिटल अध्यापनासाठी नवी सवलत दिली. तिलाही दोन अटी आहेत. सामग्री शाळेच्या आवारात किंवा फक्त विद्यार्थी-शिक्षकांना उघडणाऱ्या सुरक्षित जागेत राहावी, आणि अगदी अशक्य नसेल तर स्रोतासोबत कर्त्याचे नाव द्यावे. परवानगीतून मुलाला सोडवणाऱ्या कायद्याने नावातून कोणालाच सोडवलेले नाही. मराठी माणसाला हे परके वाटू नये. अभंग गायला कोणी कोणाची परवानगी घेतली नाही. शतकानुशतके ते तोंडातोंडी पसरले, चाली बदलल्या, पाठभेद झाले. पण शेवटच्या चरणातली नाममुद्रा कोणी गाळली नाही. ओव्या-अभंग सर्वांचे झाले आणि नाव ज्याचे त्याचे राहिले. फोटोला शेवटचा चरण नसतो, त्याची नाममुद्रा खालच्या ओळीत असते, आणि ती ओळ आपण 'गूगल'ला देऊन टाकली आहे.

नावाने काय होते, असे विचारणाऱ्यांना मी होमाई व्यारावाला यांची आठवण देईन. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आज त्यांचा गौरव होतो. सुरुवातीला त्यांचे फोटो छापले जात ते पतीच्या नावाने. फोटो तेच होते, छपाई तीच होती, वाचकाच्या डोळ्यांना फरक दिसत नव्हता. तरीही त्यात एक माणूस पुसला जात होता, आणि पुढच्या एखाद्या मुलीला 'हे काम बाईही करते' हे कळण्याची वाट बंद होत होती. वहीतल्या फोटोखाली नाव लिहायला लावणे म्हणजे मुलाला कायदा शिकवणे नव्हे. जगात दिसणाऱ्या गोष्टी आपोआप उगवत नाहीत, कोणीतरी त्या पाहिलेल्या असतात, हे त्याला त्यातून कळते. नाव शोधायला लागलेला मुलगा आणखी चार गोष्टी शोधून काढतो : फोटो कधीचा आहे, कुठला आहे, खरेच त्याच किल्ल्याचा आहे की भलत्याच. इतिहासाच्या प्रकल्पात चुकीच्या लढाईचा फोटो लागतो तो बहुतेक वेळा याच आळसातून.

आता छायाचित्रकारांची बाजू. तिथे मला सर्वांत जास्त थांबावेसे वाटते, कारण ती बहुधा कोणी नीट मांडत नाही. 'फोटोला काय लागते, बटण तर दाबायचे' ही समजूत छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. न्यूयॉर्कचा छायाचित्रकार नेपोलियन सरोनी याने लेखक ऑस्कर वाइल्डचा एक फोटो काढला आणि एका छापखान्याने परवानगीशिवाय त्याच्या 85,000 प्रती काढल्या. छापखान्याचा बचाव हाच होता, की यंत्राने टिपलेल्या चित्राला कर्ता कसला? 1884 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले : बैठक, पोशाख, पडदे, प्रकाश आणि छाया यांची योजना ज्याने केली तो कर्ता. त्याच खटल्यात आणखी एक वाद झाला आणि मला तो फार बोलका वाटतो. फोटोवर 'एन. सरोनी' एवढेच छापले होते. पूर्ण नाव नसताना ही सूचना पुरेशी आहे का? न्यायालयाने ती पुरेशी मानली. छायाचित्रणाच्या हक्काचा तो पायाभूत खटला असा एका बाजूने फोटोखालच्या नावाचाच खटला होता.

आणि फुकट वाटण्याची किंमत? छायाचित्रणाच्या जन्मातच तिची दोन उत्तरे आहेत. 1839 साली फ्रान्सच्या सरकारने दागेर याची छायाचित्रणाची पद्धत जगाला खुली केली. शिक्षण खुले असावे म्हणणारे हा दाखला हौसेने देतात आणि त्यातला अर्धा भाग विसरतात. सरकारने त्याआधी दागेरला दरसाल 6,000 फ्रँक आणि त्याचा दिवंगत भागीदार नीप्स याच्या मुलाला 4,000 फ्रँक आजन्म निवृत्तिवेतन बांधून दिले होते. जगाला फुकट मिळाले, कारण कोणीतरी पैसे मोजले. दुसरे उत्तर इंग्लंडमधले. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने 1851 साली काचेवरच्या ओल्या थराची पद्धत शोधली आणि पेटंट न घेता सरळ छापून टाकली. पुढची वीसपंचवीस वर्षे जगभरचे फोटो स्टुडिओ तिच्यावर चालले. आर्चर 1857 साली गरिबीत वारला. त्याच्या मुलांच्या पोटापाण्याची सोय नंतर दुसऱ्यांना करावी लागली. 'ज्ञान सर्वांचे' हे वाक्य उच्चारताना मला नेहमी हे दोघे शेजारी उभे दिसतात. ज्याच्या पाठीशी सार्वजनिक पैसा उभा राहिला तो, आणि ज्याच्या औदार्यावर सगळे मोठे झाले तो. आज एखाद्या छायाचित्रकाराला आपण 'शिक्षणासाठीच तर आहे' म्हणतो, तेव्हा त्याला या दोघांपैकी कोणाच्या जागी उभे करत असतो?

म्हणूनच 'शैक्षणिक उपयोग' या शब्दांची ढाल कोण वापरते याकडे डोळे उघडे ठेवून पाहायला हवे. सातवीतल्या मुलीने वर्गात दाखवलेले सादरीकरण शैक्षणिक आहे. संस्थेचे प्रवेशाचे माहितीपत्रक शैक्षणिक नाही, ती जाहिरात आहे. खासगी शिकवणीच्या ॲपमधला फोटो धड्यात असला तरी तो विक्रीच्या मालाचा भाग आहे. पाठ्यपुस्तकाचा प्रकाशक कागदवाल्याला पैसे देतो, छापखान्याला देतो, बांधणीवाल्याला देतो, आणि फोटो येतो तेव्हाच त्याला शिक्षणाची महती आठवावी, हे अन्यायाचे आहे. निसर्ग, भूगोल, विज्ञान यांचे फोटो काढणाऱ्या कित्येकांसाठी पाठ्यपुस्तके हेच गिऱ्हाईक असते. मुलाच्या वहीने त्यांचे काहीच बुडत नाही, या दुसऱ्या उपयोगांनी मात्र थेट बुडते. मुलाच्या निरागसतेआड संस्थांचा हिशेब लपतो आणि छायाचित्रकाराचा राग शेवटी मुलावर निघतो. दोघांनाही यात फसवले जाते.

'वर्गाच्या आत' आणि 'वर्गाच्या बाहेर' म्हटले की कोणी म्हणेल, वर्गाला आता भिंती उरल्या आहेत कुठे? 2020 साली महासाथीत वर्ग पडद्यावर गेला आणि तेव्हापासून गृहपाठ गटात, प्रकल्प यूट्यूबवर, भित्तिपत्रक शाळेच्या फेसबुक पानावर अशी सवय पडली. हरकत बरोबर आहे, पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. भिंत दिसत नाही म्हणून ती नाही असे होत नाही, आता ती आपणच आखायची आहे एवढेच. तिची कसोटी सोपी आहे : या वर्गातल्या मुलांशिवाय आणि शिक्षकांशिवाय हे कोणी उघडू शकते का? नाही, तर आपण वर्गात आहोत. हो, तर आपण प्रकाशक झालो आहोत, आणि प्रकाशकाची कर्तव्ये आपल्यावर आली आहेत. मुलाने फोटो चिकटवला तेव्हा तो प्रकाशक नव्हता. 'छान झालाय, वेबसाइटवर टाकू' असे जो मोठा माणूस म्हणाला, तो त्या क्षणी झाला. कोर्दोबाच्या प्रकरणातही दावा शाळा चालवणाऱ्यांवर झाला, आणि ते योग्यच होते.

एवढे सगळे मान्य केले तरी परवानगीचा प्रश्न संपत नाही, कारण काही फोटोंना परवानगी लागतच नाही. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग हिने 1936 साली कॅलिफोर्नियात, निपोमो इथल्या वाटाणा वेचणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. मांडीवर तान्हे मूल, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवलेली लेकरे, गालाला टेकलेला हात. लँग तेव्हा सरकारी नोकरीत होती, त्यामुळे हा फोटो सार्वजनिक मालकीचा आहे. कोणीही छापावा, कोणीही चिकटवावा. महामंदीवरच्या धड्यात तो जगभर असतो. छायाचित्रकाराचे नावही बहुधा असते. पण त्या बाईचे? लँगने तिला नाव विचारलेच नव्हते, तसे तिने पुढे स्वतः लिहिले आहे. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळले 1978 साली, बेचाळीस वर्षांनी. फोटो अमर झाला, त्यातून तिच्या हाती काही पडले नाही, आणि आपण दारिद्र्याचे चित्र म्हणून जगभर ओळखले जातो याची बोच तिला होती. कायद्याच्या बाजूने इथे प्रश्नच नाही, सगळे मोकळे आहे. तरी हा फोटो वर्गात दाखवणाऱ्या शिक्षकाने तिचे नाव घ्यावे की नाही? मला विचाराल तर घेतल्याशिवाय फोटो दाखवूच नये. 'परवानगी लागते का' हा एकच प्रश्न धरून बसलेल्या दोन्ही गटांना ही बाई दिसत नाही, कारण त्यांच्या प्रश्नात तिला जागाच नाही. पूरग्रस्तांचे, दंगलीत होरपळलेल्यांचे, रडणाऱ्या मुलांचे फोटो आपण प्रकल्पांत किती सहज वापरतो! छायाचित्रकाराची परवानगी मिळाली तरी फोटोतल्या माणसाने ती दिलेली असतेच असे नाही.

आता व्यवहाराकडे. वर्गाबाहेर जाणाऱ्या कामासाठी शाळेने पत्र लिहावे आणि ते लिहिताना मुलांना शेजारी बसवावे. पत्रात काय असावे? आम्ही कोण, तुमचा नेमका कोणता फोटो, तो कुठे लागणार, किती काळ राहणार, आम्ही तो कापणार किंवा त्यावर अक्षरे घालणार का, आणि तुमचे नाव कसे लिहावे. हा शेवटचा प्रश्न विसरू नये. 'तुमचे फोटो आवडले, वापरू का?' एवढ्या पत्राला छायाचित्रकार उत्तर देत नाही आणि मग आपण त्याला शिष्ट म्हणतो. त्याला काय विचारले आहे हेच त्याला कळलेले नसते. मालक शोधणे अवघड असते हे खरे. फोटोच्या फाइलमध्ये छायाचित्रकाराचे नाव आणि हक्काची नोंद ठेवायला जागा असते, पण बरीच समाजमाध्यमे फोटो चढवताना ती पुसून टाकतात. तरी प्रतिमेवरून उलटा शोध घेतला की पुष्कळदा मूळ पानापर्यंत पोहोचता येते, आणि हे शोधणे हाच एक उत्तम तास होऊ शकतो. शोधूनही मालक सापडला नाही, किंवा सापडला पण उत्तर आले नाही तर? मौन म्हणजे होकार नव्हे. तो फोटो वर्गात राहू द्यावा, बाहेर दुसरा लावावा.

दुसरा मिळतो. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे, आपले काम इतरांना ठरावीक अटींवर वापरू देणारे पहिले परवाने 2002च्या डिसेंबरात आले आणि तेव्हापासून अगणित छायाचित्रकारांनी आपल्या कामाला आधीच परवानगी देऊन ठेवली आहे. त्यांच्या अटी मात्र वाचाव्या लागतात. कोणी व्यापारी वापर नको म्हणतो, कोणी बदल नको म्हणतो, आणि या मालिकेतले सगळे मुख्य परवाने नाव मागतात. नासाने प्रसिद्ध केलेली बहुतेक छायाचित्रे मोकळी आहेत. चंद्राच्या क्षितिजावर उगवणारी पृथ्वी वहीत लावायला कोणाला विचारावे लागत नाही. तिथेही 24 डिसेंबर 1968 रोजी त्या फोटोसाठी कॅमेरा हातात धरलेला माणूस विल्यम अँडर्स होता हे लिहायला अर्धी ओळ पुरते. आणि जो फोटो मुलाला स्वतः काढता येतो तो त्याने स्वतः काढावा. एका फुलपाखरामागे अर्धा तास घालवलेल्या मुलाला छायाचित्रकाराचे श्रम वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. 'कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्र काढून घेऊ, म्हणजे कटकटच नको' ही नवी पळवाट मात्र मला प्रकल्पांपुरती घातक वाटते. ज्या फुलपाखराला कोणी पाहिलेच नाही त्याचे चित्र विज्ञानाच्या वहीत कशाचा पुरावा म्हणून लावायचे?

छायाचित्रकारांना मला एवढेच सांगायचे आहे, की मुलांना नोटिसा पाठवू नका आणि मुलांनी विचारण्याची वाटही पाहू नका. संकेतस्थळावर प्रत्येक फोटोखाली एक ओळ घाला : वर्गातल्या कामासाठी खुशाल घ्या, माझे नाव असे लिहा, वेबसाइटवर किंवा छापून वापरायचा असेल तर या पत्त्यावर विचारा. दिवसाला दहा पत्रांना उत्तरे देण्याचा त्रास वाचेल, आणि ज्यांनी खरोखर पैसे द्यायला हवेत त्यांना 'आम्हाला ठाऊक नव्हते' म्हणता येणार नाही. 'सगळे हक्क राखीव' एवढेच शब्द लिहून ठेवले की भिणारा मुलगा भितो आणि न भिणारी संस्था तशीच उचलते. आजवर होत आले आहे ते हेच.

आणि शिक्षकांनी ती 'सौजन्य'ची ओळ परत द्यावी. खूण करून पुढे न जाता वही मुलाकडे सरकवून विचारावे, 'हा कोणी काढला?' कोर्दोबाचा फोटो निवडणाऱ्या त्या विद्यार्थिनीने खाली काहीतरी लिहिले होते, म्हणजे लिहायचे असते हे तिला ठाऊक होते. आणखी एका टिचकीवर छायाचित्रकाराचे नाव होते की नव्हते, हे तिला कोणी शोधायला सांगितले होते का? आणि तो प्रबंध वेबसाइटवर चढवणाऱ्याने, चढवण्याआधी, फोटोखालची ओळ एकदा तरी वाचली होती का?